तळीचा पाचवा हात

"चार हात झाले. पाचवा कुठाय?"

त्रिंबकआबांनी विचारलं आणि विमानतळाच्या दारात उभं असलेलं अख्खं घर एकदम दुसरीकडं बघायला लागलं. खंडेराव समोरच्या पार्किंगमधल्या गाड्यांकडं टक लावून राहिला. थोरला पोरगा सुदर्शन मोबाईलमध्ये घुसला. भाची अक्षदाला निरोप द्यायला गंगापूरहून आलेल्या बन्सीमामाला गप्प बसणं म्हणजे शिक्षा, पण तोही आज तोंडातलं पान सांभाळत गप्प राहिला. साळूबाई तेवढी खाली मान घालून पदराखालचं पितळी ताट सावरत होती. पाचवा कुठं आहे ते तिला बरोबर ठाऊक होतं, आणि सकाळी घरीच भरायची तळी इथपर्यंत लांबवत आणण्याचं पापही तिचंच होतं.

तळी भरल्याशिवाय या घरातलं माणूस लांबच्या वाटेला लागत नसे. ताटात भंडारा, खोबऱ्याच्या वाट्या, पान-सुपारी ठेवायची, पाच पुरुषांनी ताटाला हात लावून मल्हारीच्या नावानं तीनदा उचलायचं आणि मग खोबरं-भंडारा मूठमूठभर उधळायचा. मेंढरं घेऊन सोयगावच्या घाटाखाली उतरायच्या काळापासूनची ही रीत होती. मेंढरं कमी झाली, घर पुंडलिकनगरात आलं, सुदर्शन कंपनीत लागला, तरी रीत टिकली. तीन वर्षांपूर्वी मात्र तीही थांबली, कारण पाचवा हात खंडेरावाच्या धाकट्या भावाचा, हनुमानाचा होता, आणि हनुमान आणि खंडेराव एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

"शेजारच्या कुणाला बोलवता आलं असतं सकाळीच," खंडेराव पुटपुटला.

"शेजाऱ्याचा हात लावून पोरगी धाडायची?" आबा कडाडले. ऐंशी पार केलेल्या माणसाचा आवाज, पण माळावर मेंढरांना हाका घालून घडलेला. दारातला बंदूकधारी जवानसुद्धा वळून बघायला लागला. "माझी दोन लेकरं जितीजागती हायत. हनमाचा हात लागंल तर तळी भरंल. नायतर नाय."

"मग नाय भरायची," खंडेराव म्हणाला आणि आपल्या छोट्या हत्ती टेम्पोच्या दिशेनं चार पावलं जाऊन परत आला. रागानं निघून जाणंसुद्धा त्याला धड जमत नसे. हे साळूबाईला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

भांडण साधं होतं आणि म्हणूनच मिटत नव्हतं. त्यांचं साडेतीन एकर रान धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला, विमानतळाच्या भिंतीला लागून. भिंतीखालून एक नाला जातो. पावसाळ्यानंतर आत गुडघ्याएवढं हिरवंगार गवत आणि बाहेर नुसते दगड, हे बघून कोणत्या मेंढपाळाचं काळीज जागेवर राहील? खंडेरावानं एका सकाळी नाल्याची जाळी उचकटली आणि चाळीस मेंढरं आत सोडली. नेमकं मुंबईचं विमान उतरायला आलं. धावपट्टीच्या टोकाला पाखरं हाकलायच्या कामावर हनुमान होता. त्यानं मेंढरं पाहिली, कानावरच्या निळ्या खुणांवरून कुणाची ते ओळखलं, आणि हातातल्या वॉकीटॉकीवर कळवून टाकलं. विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं आणि शहराला एक वळसा घालून आलं. पोलीस आले. "मेंढरं कुणाची?" असं विचारलं तेव्हा हनुमानानं नाव सांगितलं. खंडेराव दिवसभर चौकीत बसून होता.

"सख्ख्या भावानं नाव घेतलं माझं," एवढंच तो तीन वर्षं म्हणत होता. चूक कुणाची यावर त्यानं कधी वाद घातला नाही. नाव घेतलं, हेच त्याला लागलं होतं.

साळूबाई लग्न होऊन आली तेव्हा हनुमान सात वर्षांचा होता. सासू लवकर गेलेली. त्याच्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, दहावीच्या परीक्षेला भाकरी बांधून तिनं दिली, त्याच्या लग्नात करवलीसारखी तीच मिरवली. दीर कसला, थोरलं लेकरूच होतं ते. आता पोरगी चालली, सुदर्शन दिवसभर कंपनीत, मग घरात उरणार दोन म्हातारी होत आलेली माणसं आणि एक हट्टी सासरा. ही एक गाठ आज सुटली नाही तर पुन्हा कधी सुटायची? म्हणून तिनं सकाळी 'भंडारा सापडत नाय' असं सरळ खोटं सांगितलं होतं, आणि सगळ्यांना ताटासकट इथं आणलं होतं.

ती बाजूला गेली आणि फोन लावला.

"भाऊजी, दारात आलोय आमी. पाच मिनिटं या."

पलीकडून वाऱ्याचा आवाज आला. "वैनी, दिल्लीचं विमान उतरून परत उडेपर्यंत मला जागा सोडता येत नाय. अक्षीचंच विमान हाय नव्हं ते? मग त्याच्या वाटंवरची पाखरं कुणी हाकलायची?"

"कुठं हायसा तुमी?"

"कुठं असणार? आपल्या रानाच्या भिंतीपाशी. नाल्याजवळ." मग जरा थांबून, हळू आवाजात, "दादा आलाय?"

"आलाय."

"बरं हाय का?"

"बरं हाय. चरफडतोय," साळूबाई म्हणाली आणि फोन ठेवला. तिचा बेत मोडला होता.

इकडं आबांना जुन्या दिवसांचा उमाळा आला होता. एवढी काच, एवढा गुळगुळीत रस्ता, सामानाच्या गाड्या ढकलणारी माणसं बघून त्यांना राहवेना.

"हितं काय होतं म्हाईताय का बन्सी? कायबी नव्हतं. तारेचं कुंपण आन् माळ. जुनी इमारत तिकडं, आपल्या झेडपीच्या शाळेएवढी. विमान यायचं दिवसातनं एखादं. गोरी माणसं उतरायची, वेरूळ-अजिंठा बघायची आन् जायची. विमानाच्या आवाजानं मेंढी गाभडंल म्हणून तुज्या दाजीची आई हातात भंडारा घेऊन कळपाभवती फिरायची. हे नवं टर्मिनल झालं तवा मी बघायला आलो तर मला आत सोडंना. म्हणलं, बाबा, तुज्या जन्माआधीपासनं मी हितं येतोय!"

"मग सोडलं का?" बन्सीमामानं पान बाजूला सारत विचारलं.

"कशाचं सोडतोय! पण पाणी पाजलं. थंड होतं." आबांनी न्याय केला. "हजचं विमान सुटायचं तवा बघायचं व्हतंस. एका हाजीमागं पन्नास माणसं. ट्रॅक्टर भरून. गळ्यात हार, डोळ्यांत पाणी. त्येंच्यात आपल्या गल्लीतल्या सांडूभाईचा बाप गेला तवा मीबी रडलो. माणूस लांब निघालं की समद्यांचं सारखंच असतं."

अक्षदा हे सगळं हसत ऐकत होती. पोरीनं विमानांना वाट दाखवायच्या नोकरीची परीक्षा काढली होती. उंच मनोऱ्यात बसायचं आणि कोणत्या विमानानं उतरायचं, कोणत्या विमानानं थांबायचं ते सांगायचं. दिल्लीमार्गे प्रयागराजला जाऊन आता महिनोन्महिने शिकायचं होतं. आबांनी अख्ख्या पुंडलिकनगरात सांगून ठेवलं होतं की नात विमानं वळायला चालली आहे, मेंढरं वळतात तशी.

"आई, काउंटर बंद होईल. मला जावं लागेल आता," ती म्हणाली. "एकदा आत गेले की बाहेर नाही येता येत."

साळूबाईनं ताटाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. पोरगी सगळ्यांच्या पाया पडली, जवानाला तिकीट दाखवलं आणि काचेच्या दारातून आत गेली. तळी न भरता गेली.

दहा मिनिटं गेली. मग फोन वाजला.

"आई, तू बॅगेत खोबरं घातलंस?"

"घातलं की. अकरा वाट्या. होस्टेलात देवापुढं ठेवायला. कापडांच्या खाली, मधोमध."

"अगं, सुकं खोबरं चालत नाही विमानाच्या बॅगेत. तेल असतं ना, पेट घेतं म्हणे. मशीनमध्ये दिसलं. बॅग उघडायला लावली, आणि भंडाऱ्याची पुडी फुटली. माझे सगळे ड्रेस पिवळे झालेत, आणि ते साहेबसुद्धा."

"अगं बाई!" साळूबाईनं कपाळावर हात मारला. "रागावले का?"

"नाही, शिंकतायत. पण खोबरं टाकून द्या म्हणाले."

"देवाचं खोबरं टाकायचं? कचऱ्यात?" आबांनी फोनवरचं ऐकून हंबरडाच फोडला. जवान पुन्हा वळला. या वेळी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. त्यानं आत कुणाशी तरी बोलून घेतलं, आणि थोड्या वेळानं अक्षदा दाराच्या आतल्या बाजूला पिशवी घेऊन आली. ओढणी पिवळी, गालावर पिवळा पट्टा. मध्ये लोखंडी कठडा आणि जवान. पिशवी घ्यायला खंडेराव पुढं झाला.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "एक सांगायचं राहिलं."

"सांग की."

"त्या दिवशी मी रानात होते. विमान एवढं खाली आलं होतं, की चाकं दिसत होती. आणि एकदम वर गेलं. मी नंतर काकाला विचारलं, पायलटला कुणी सांगितलं वर जा म्हणून? काका म्हणाला, मनोऱ्यात एक बाई बसलेली असते, तिनं. पण तिला मी सांगितलं, म्हणाला. तिनं माझं ऐकलं म्हणून विमानातली माणसं वाचली आणि आपली मेंढरंही." तिनं ओढणीनं गाल पुसला. "मी तेव्हाच ठरवलं. तुमची मेंढरं आत गेली नसती ना आप्पा, तर मी आज कुठं चालले नसते."

खंडेरावानं पिशवी छातीशी धरली. पोरगी आत वळली, आणि काचेत दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

छोटा हत्ती निघाला. सुदर्शन गाडी चालवत होता, शेजारी खंडेराव, मागं बाकीचे तिघं. जालना रोडला लागल्यावर घरासाठी डावीकडं वळायचं होतं.

"उजवीकडं घे," खंडेराव म्हणाला.

"आप्पा, घर डावीकडं आहे."

"मला माझं घर ठाऊक नाय व्हय? उजवीकडं घे म्हणलं ना."

मागं बसलेल्या साळूबाईनं ते ऐकलं आणि ताट घट्ट धरलं. बन्सीमामा काहीतरी विचारणार तोच तिनं त्याला कोपर मारलं.

रानात पोचेपर्यंत दिल्लीचं विमान उतरलं होतं आणि परत निघायच्या तयारीत होतं. नाला कोरडा ठणठणीत. आबांना दोन्हीकडून धरून खाली उतरवलं. भिंतीखाली नवी जाळी होती, हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड गजांची. ती हनुमानानंच पुढं उभं राहून बसवून घेतली होती. गजांतून कोपरापर्यंत हात जाईल, कोकरू जाणार नाही, एवढीच फट.

"हनमा!" आबांनी आरोळी ठोकली.

पलीकडं पावलं वाजली. हनुमान वाकला. अंगात झगझगीत हिरवं जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी. जाळीतून त्यानं आधी आबांना पाहिलं, मग वहिनीला, आणि मग भावाला पाहून त्यानं मान खाली घातली. देवळात चुकून चप्पल घालून गेलेल्या माणसासारखा दिसत होता तो.

"हात घाल बाहेर," आबा म्हणाले.

"आबा, ड्यूटीवर हाय मी."

"मेंढरू आत येऊ नये म्हणून जाळी बसवलीस. हात बाहेर येऊ नये असं लिवलंय का कुठं?"

हनुमानानं विचार केला. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यानं बाही वर सारली आणि गजांतून हात बाहेर काढला. साळूबाईनं ताट खाली धरलं. आबांचा, सुदर्शनचा, बन्सीमामाचा हात लागला. खंडेराव दोन पावलं मागं होता. सगळे थांबले. मग तो पुढं आला, गुडघे टेकले आणि हनुमानाच्या हाताशेजारी हात लावला. बघितलं मात्र ताटाकडंच.

"सदानंदाचा येळकोट!" आबा गरजले. ताट एकदा उचललं, दोनदा उचललं, तिसऱ्यांदा उचललं. तीन वर्षांनी. साळूबाईला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

इथवर सगळं नीट झालं होतं. पण तळी उचलल्यावर उधळण करायची हे बन्सीमामाच्या हाडात होतं. "येळकोट येळकोट, जय मल्हार!" म्हणत त्यानं ताटातल्या फोडलेल्या खोबऱ्याची आणि भंडाऱ्याची भलीमोठी ओंजळ भरली आणि सगळ्या जोरानं वर उडवली. भंडारा सगळ्यांच्या डोक्यावर पडला. खोबरं भिंतीपलीकडं गेलं.

"मामा!" हनुमान ओरडला. "आरं, खोबरं न्हवं! कावळे येत्यात!"

आणि ते आलेच. कुठून आले कुणास ठाऊक, पण आधी दोन, मग दहा, मग मैनांचा थवा, आणि वर एक घार गोल फिरायला लागली. धावपट्टीच्या लांबच्या टोकाला विमान वळून उभं राहिलं होतं. तोंड इकडं. त्यात अक्षदा.

हनुमानानं वॉकीटॉकी तोंडाजवळ नेली आणि तो थांबला. जाळीतून त्यानं भावाकडं पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण त्या नजरेत काय होतं ते साळूबाईला कळलं. पुन्हा तीच जागा, पुन्हा तेच नाव घ्यायची वेळ.

खंडेरावानंही पाहिलं. या वेळी त्यानं नजर वळवली नाही.

"कळव," तो म्हणाला. "बघतोस काय हनमा? आधी कळव!"

"पूर्वेच्या टोकाला पक्षी," हनुमान भराभर बोलला. "विमान सोडू नका. थांबवा."

खरखर झाली. पलीकडून कुणीतरी विचारलं, कशामुळं?

"नाल्यापाशी खोबरं सांडलंय."

कुणी सांडलं?

"नाव सांग," खंडेराव म्हणाला. "माजं सांग."

हनुमानानं बटण दाबलं. "माझ्या घरची माणसं हायत, साहेब. मीबी त्यात हाय. तळी भरत होतो."

मग जी धांदल उडाली तिला तोड नव्हती. हनुमान आत गवतात रांगत खोबरं वेचत होता. बाहेर साळूबाई, सुदर्शन आणि पार शरमलेला बन्सीमामा एकेक तुकडा पदरात, खिशात, टोपीत गोळा करत होते. आणि खंडेराव जाळीला गाल लावून, उभ्या हयातीत हरवलेली कोकरं शोधलेल्या डोळ्यांनी, आतल्या भावाला वाट दाखवत होता.

"डाव्या हाताला. आणखी डावीकडं. दगडाच्या बुडाला, बोटाएवढा."

"घावला."

"त्याच्या म्होरं दोन. न्हाय, तीन हायत. पायाखाली तुडवशील, येड्या!"

"दिसंना दादा."

"आरं तुज्या बुटापाशी! ल्हानपणापासनं असाच हायस, समोरचं दिसत नाय!"

तीन वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे असं झालं.

खोबरं संपलं, पण घार हटेना. हनुमानानं फटाका लावला, ती जरा वर सरकली आणि पुन्हा खाली आली. तेव्हा खंडेरावानं कमरेची गोफण सोडली.

"दगड नको दादा! दगड आत पडंल!"

"तुज्या आधी शिकलोय मी," खंडेराव म्हणाला. त्यानं रिकामी गोफण डोक्यावर गरगर फिरवली आणि असा फटकारा मारला की नाला दणाणला. एकदा. दोनदा. घारीनं गिरकी घेतली आणि ती दूर माळाकडं निघून गेली. मागोमाग मैना उडाल्या.

"मोकळं," हनुमान वॉकीटॉकीत म्हणाला. त्याला धाप लागली होती. "समदं मोकळं."

विमान धावत सुटलं. आधी नुसता आवाज, मग जमिनीतली थरथर, मग डोक्यावरून भलंथोरलं पांढरं पोट. आबांनी दोन्ही हात जोडले. विमान गावांवरून, तारांवरून चढत गेलं आणि लहान झालं. पाचही जण दिसेनासं होईपर्यंत माना वर करून उभे होते. भिंतीच्या आत सहावा उभा होता, पण त्याला आकाश जास्त दिसत होतं.

"मेमो मिळंल का रं?" खंडेरावानं विचारलं.

"मिळंल."

"मी येतो साहेबाकडं. माज्यामुळं झालं म्हणतो."

"मामामुळं झालं."

"मामा गंगापूरला जाईल. त्येला कुठं हुडकत बसायचं?"

हनुमान हसला. सात वर्षांचा असताना हसायचा तसाच हसला. साळूबाईनं डोळे पुसून ताट पुढं केलं. वेचलेल्या तुकड्यांतला एक मोठा तुकडा खंडेरावानं उचलला, धोतराला पुसला, फुंकर मारली आणि गजांतून भावापुढं धरला.

"घे. खा," तो म्हणाला. "आन् सांडू नको."